१२५० टनी कारखाना उतरवताना : प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

जागेचा ताबा आज मिळाला. नगर जिल्ह्यातला, बरीच वर्षं बंद असलेला सहकारी साखर कारखाना, दिवसाला १२५० टन ऊस गाळणारा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत राज्यात उभ्या राहिलेल्या पुष्कळ कारखान्यांची सुरुवात याच मापाच्या यंत्रसामग्रीवर झाली. पुढे कुणी अडीच हजार, कुणी पाच हजार टनांपर्यंत वाढवत नेलं. हा तेवढाच राहिला आणि थांबला. नव्या मालकांना इथे इथेनॉलचा प्रकल्प टाकायचाय. पावसाळ्याआधी जमीन मोकळी हवी, एवढी त्यांची अट. मी मालकांच्या बाजूनं साइटवर आहे : कामावर देखरेख, परवाने, सुरक्षितता.

आवाका मोठा. गव्हाणीपासून साखर गोदामापर्यंत सगळं उतरवायचं. चार मिलचा संच, दोन बॉयलर, रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या चार बॉड्या (मोठी भांडी), साखरेचे दाणे धरायचे पॅन, सेंट्रिफ्यूगल मशीन, टर्बाइन, मळीच्या दोन टाक्या, स्प्रे पाँड आणि चिमणी.

ठेकेदाराची गॅस कटरची टोळी आजच हजर झाली. सिलिंडर उतरवून घेतले, गेटजवळच्या पिंजऱ्यात ठेवले, कुलूप लावलं. मुकादमांना सांगितलं, मी लेखी परवाना देईपर्यंत कुठेही ज्योत पेटवायची नाही. ते म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं बंद हाय, आत आता काय उरलंय?" त्यांना उत्तर तोंडी दिलं नाही. उद्यापासून सोबत फिरायला बोलावलं.

९ ऑक्टोबर २०२४

आजचा दिवस करारात गेला. मोडणीच्या कामात पैसा उलट्या दिशेनं वाहतो. बांधकामात मालक ठेकेदाराला पैसे देतो. इथे ठेकेदारानं आख्खा प्लांट लॉटमध्ये विकत घेतलाय आणि तो भंगार विकून पैसे काढणार. लोखंड काट्यावर चढलं की त्याची कमाई सुरू होते. टाकीच्या तळाची मळी, पाइपावरचं लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं वेष्टण), गिअरबॉक्समधलं तेल, प्रयोगशाळेतल्या बाटल्या, यांचं काट्यावर काहीच मोल नाही. उलट प्रत्येकाला मजुरी आणि वाहतूक लागते. म्हणून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रिकामं करण्याचं काम कापता कापता उरकलं जातं, आणि माणसं नेमकी तिथेच मरतात.

मालकांना लिहून दिलं : साफसफाई, गॅस तपासणी आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट यांची वर्क ऑर्डर वेगळी काढा, पैसे तुम्ही द्या, आणि ती पुरी झाल्याशिवाय त्या विभागात कटिंग नाही. ऑफिसातून फोन आला की हा खर्च बजेटात धरलेला नाही. मी उत्तर दिलं की तो जमीन विकत घेतली तेव्हाच तुमच्या अंगावर आलाय, आता फक्त कागदावर आणायचाय. संध्याकाळपर्यंत बोलणी चालली. अर्ध्या गोष्टी मान्य झाल्या, मळीच्या टाक्यांचं उद्यावर गेलं.

१० ऑक्टोबर २०२४

टाक्यांचंही मान्य. ऑर्डर हातात.

१५ ऑक्टोबर २०२४

नकाशे टाइम ऑफिसच्या कपाटात सापडले, निम्मे वाळवीनं खाल्लेले. जे वाचता येतात ते उभारणीच्या वेळचे. नंतर केलेले बदल त्यांत नाहीत. गावातून एका निवृत्त फिटरना बोलावून घेतलं. सगळे त्यांना आबा म्हणतात. मानधन म्हणून पाकीट पुढे केलं तर घेईनात. "ताई, मानधन नको, हजेरी लावा," म्हणाले. हजेरी लावली.

आबांच्या सोबत बॉयलिंग हाऊस पायाखाली घातलं. नकाशात नसलेल्या गोष्टी त्यांनी एकेक करून दाखवल्या. मळीच्या पंपापासून निघून रस्त्याखालून जाणारी जुनी लाइन. ती बदलली तेव्हा जुनी काढलीच नव्हती, दोन्ही तोंडांना ब्लँक मारून सोडली होती. कॉस्टिकच्या टाकीचा तळाचा व्हॉल्व्ह बंद दिसतो पण बसत नाही. चुन्याच्या शेडमध्ये पोत्यांच्या थप्पीमागे कळीचा चुना आहे, त्यावर पाणी पडू द्यायचं नाही. सगळं वहीत घेतलं आणि प्रत्येक जागी पिवळ्या रंगानं आकडा टाकला. मुकादम दिवसभर बरोबर होते. दुपारनंतर त्यांनी स्वतःच डबा हातात घेतला.

१८ ऑक्टोबर २०२४

प्रयोगशाळा. उसाच्या रसातली साखर पोलॅरिमीटरवर मोजायची तर रस आधी स्वच्छ करावा लागतो, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं वापरात होतं लेड सबॲसिटेट. म्हणजे शिसं. पांढरी पूड, दोन बरण्या भरून, शेजारी आम्लांच्या बाटल्या. लेबलं उंदरांनी खाल्लेली. ज्याचं लेबल नाही ते घातक समजायचं असं ठरवून सगळं वेगळं काढलं.

खरं काम पॅन फ्लोअरवर निघालं. पॅन आणि इव्हॅपोरेटर निर्वातात चालतात, आणि किती निर्वात आहे ते दाखवायला जुन्या कारखान्यांत पाऱ्याच्या नळ्या असायच्या. लाकडी फळीवर बसवलेली काचेची यू-नळी, मागे सेंटिमीटरच्या खुणा. इथे त्या अजून जागेवर आहेत. एक फुटलेली. खाली चेकर्ड प्लेटच्या खाचांत पाऱ्याचे थेंब टॉर्चच्या उजेडात चमकत होते. कुणी आधी झाडू मारला असता तर त्यांचे शेकडो बारीक थेंब होऊन सगळ्या मजल्यावर पसरले असते. थेंब सिरिंजनं ओढून जाड बाटलीत पाण्याखाली घेतले. खाचांत राहिलेल्या कणांवर गंधकाची पूड दाबून ठेवली, गंधक पाऱ्याला बांधून धरतं. गंधकासाठी कुठे जावं लागलं नाही, रस शुभ्र करायला जाळायचं गंधक कारखान्याच्याच कोठारात पडून होतं. शाबूत नळ्या फळीसकट उतरवल्या.

पारा, शिसं, बिनलेबलच्या बाटल्या, सगळं रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात जाणार. फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद), त्याच्याशिवाय एकही ड्रम गेटबाहेर जाणार नाही, असं वजनकाट्यावरच्या माणसालाही सांगून ठेवलं.

२२ ऑक्टोबर २०२४

वीज. महावितरणची उच्चदाब जोडणी कधीच तोडलेली, तसा कागदही आहे. तरी प्रत्येक पॅनल टेस्टरनं तपासायचं असं ठरलं होतं. पंप हाऊसच्या पॅनलवर दिवा लागला. शोधत गेल्यावर उलगडा झाला : कॉलनीतल्या देवळाला पाण्याची मोटर हवी होती, म्हणून कुणीतरी कॉलनीच्या घरगुती जोडणीतून जुन्या केबलला वीज दिली होती. ती केबल मिल हाऊसखालच्या ट्रेंचमधून जाते. तांब्यासाठी तीच केबल कापायला लोक पुढच्या आठवड्यात तिथे बसणार होते.

देवळाला वेगळी जोडणी मिळेपर्यंत टँकरची सोय केली. केबल दोन्ही टोकांना सोडवून तिला अर्थिंग दिलं. कपॅसिटर बँकही डिस्चार्ज करून शॉर्ट केली. आजपासून प्रत्येक आयसोलेशनवर (जिथे वीज तोडली त्या जागी) माझं कुलूप आणि इलेक्ट्रिशियनचं कुलूप, दोन्ही निघाल्याशिवाय काही चालू होणार नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे नमुने पीसीबीच्या (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, जुन्या तेलांत सापडणारं विषारी रसायन) तपासणीसाठी पाठवले. पीसीबीचा वापर देशात ३१ डिसेंबर २०२५ नंतर पूर्ण बंद होतोय. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासल्याशिवाय कुणाला विकणं म्हणजे विष दारोदार वाटणं. भंगारवाले ते तेल शटरिंगला विकतात, बायाबापड्या उघड्या हातांनी फळ्यांना लावतात.

ट्रेंचमध्ये घोणस निघाली. सर्पमित्र येईपर्यंत काम बंद.

२६ ऑक्टोबर २०२४

दिवाळीसाठी टोळी गावाला गेली. पितळी नळ्या आणि मिलच्या गनमेटल बेअरिंगवर चोरांचा डोळा असतो, म्हणून रात्रीचा पहारा दुप्पट.

१२ नोव्हेंबर २०२४

मिल हाऊस. उसावर दाब राहावा म्हणून वरच्या रोलरला हायड्रॉलिकनं खाली रेटून धरतात. रोलर उसाच्या जाडीप्रमाणे वरखाली व्हावा यासाठी बाजूला अॅक्युम्युलेटर बसवलेले असतात. लोखंडी बाटला, आत रबरी फुगा, फुग्यात नायट्रोजन, बाहेरून तेल. मिल कधीच थांबली, तेलाचा दाब कधीच उतरला, पण फुग्यातला नायट्रोजन जायला वाट नसते. दिसायला तो एक गंजका सिलिंडर. गॅस कटरच्या नजरेत वीस-पंचवीस किलो लोखंड.

आठही बाटल्यांच्या टोप्या आबांनी स्वतः काढल्या. चार्जिंग किट जोडून गेज पाहिला. पाच रिकाम्या. तिघांत दाब होता, आणि एकीत तो इतका की आबा थोडे मागे सरले. सावकाश सोडला, सुस्कारा बराच वेळ चालला. मग फुगे बाहेर काढून कापून टाकले, म्हणजे पुन्हा शंका नको. मुकादम शेजारी उभे होते. त्यांनी टोळीतल्या पोरांना हाक मारली आणि गेज दाखवला. मी काही बोलले नाही.

१९ नोव्हेंबर २०२४

उद्या विधानसभेचं मतदान. स्थानिक माणसांना सुट्टी. शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्यांचा हंगाम सुरू झालाय, रस्त्यावर उसाच्या गाड्या लागल्यात. आपल्या ट्रेलरांसाठी रात्रीची वेळ मागावी लागेल.

२७ नोव्हेंबर २०२४

मळीची टाकी नंबर दोन. मळी हलवायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, कारण तिच्यापासून दारू होते. तो काल आला. टाकीच्या तळाला गुडघाभर घट्ट थर आहे, वर छताच्या भोकांतून आलेलं पावसाचं पाणी. घट्ट मळी वर्षानुवर्षं टिकते, साखरेचं प्रमाणच इतकं की जंतूंना जगता येत नाही. पाणी मिसळलं की ती आंबायला लागते. आंबली की अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्याला वास नाही. टाकीत तो पाण्यासारखा तळाला साठतो.

गॅस मीटर दोरीला बांधून वरच्या मॅनहोलमधून सोडला. तोंडाशी ऑक्सिजन २०.८ टक्के. बाहेरच्या हवेत २०.९ असतो, म्हणजे उत्तम. चार फुटांवर १८.१, तेव्हाच गजर सुरू झाला. तळाशी १०.४. साडेएकोणीसच्या खाली माणूस आत पाठवायचा नसतो. दहावर माणूस ओरडायच्या आधी खाली बसतो. तोंडाशी घेतलेल्या एका मापावर समाधान मानलं असतं तर परवान्यावर सही झाली असती.

टोळीला जमवून हे आकडे वाचून दाखवले. चेहरे कोरे. तेव्हा मुकादमांनी विषय हातात घेतला. ते मूळचे बीडकडचे. म्हणाले, "बंद पडलेल्या हिरीत उतरायच्या आधी आपण कंदील सोडतो का नाही? इझला तर उतरत नाही. मॅडमचं मशीन म्हंजी तो कंदील." मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या गावात विहिरीचा गाळ काढायला एकजण उतरला, तो पडला म्हणून भाऊ उतरला, त्याच्यामागे शेजारी. तिघंही गेले. बंदिस्त जागेतले मृत्यू बहुतेक वेळा असेच एकामागून एक होतात, आणि दुसरा-तिसरा वाचवायला गेलेला असतो. नियम ठरला : आतला पडला तरी बाहेरच्यानं उतरायचं नाही, तिवईवरच्या विंचनं वर ओढायचं. त्यासाठी आत जाणाऱ्याच्या अंगात हार्नेस असलाच पाहिजे.

कारखाने कायद्याचं कलम ३६ हेच सांगतं : पुरेसं मोठं मॅनहोल, तपासून दिलेला लेखी दाखला, पट्टा आणि दोर, बाहेर दोर धरून उभा माणूस. १९४८ चा कायदा आहे. यातलं एकही कलम नवं नाही आणि महागही नाही.

२९ नोव्हेंबर २०२४

तळाचं मॅनहोल उघडून ब्लोअर लावला, वरून हवा ओढली. रात्रभर चालवलं. सकाळी सगळ्या थरांत २०.७ च्या वर. तरीही माणूस आत न पाठवता आधी बाहेरूनच गरम पाण्याचा झोत मारून थर सैल केला आणि पंपानं खेचला. थर हलवला की त्यात अडकलेला वायू सुटतो. दुपारी मीटर पुन्हा १८.९ वर आला, ब्लोअर वाढवला. शेवटच्या चार बोटांसाठी दोघं आत गेले, वीस-वीस मिनिटांच्या पाळीनं, मीटर छातीला अडकवून.

मळी जवळच्या डिस्टिलरीनं घेतली, पातळ झालेली कंपोस्टला गेली. टाकी क्रमांक एकला हेच सगळं पुन्हा करायचंय. तिथे ऑक्सिजन जरा बरा आहे.

१२ डिसेंबर २०२४

दोन्ही टाक्या धुऊन कोरड्या. ठेकेदाराचे मालक आले होते, अजून एकही ट्रक भरला नाही म्हणून नाराज. त्यांची अडचण खरी आहे. भांडवल अडकलंय, भाव रोज हलतो. त्यांना साखर गोदामाची कैची आणि पत्रे आधी घ्यायला सांगितलं. तिथे गॅसही नाही, मळीही नाही. नट-बोल्टचं काम, गॅस कटर न लावता जमणारं. उद्यापासून ट्रक भरायला लागतील.

२ जानेवारी २०२५

आजच्या पेपरात भोपाळची बातमी पहिल्या पानावर. युनियन कार्बाइडच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा काल रात्री बारा कंटेनरांतून पीथमपूरकडे निघाला. वायुगळती झाली २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री. कारखाना थांबला त्याला चाळीस वर्षं झाली आणि आत्ता कुठे गोदामातला माल हलला. जमिनीत मुरलेलं आणि भूजलात उतरलेलं तिथेच आहे.

सकाळच्या बैठकीत हीच बातमी वाचली. आपल्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट नाही, मला कुणाला उगाच घाबरवायचं नाही. पण बंद पडलेल्या जागेची जबाबदारी नेमकी कुणी घ्यायची हे ठरलं नाही की काय होतं, ते तिथे साऱ्या जगानं पाहिलंय. गेल्या तीन महिन्यांत मी प्रत्येक ड्रमच्या मॅनिफेस्टवर मालकांची सही का मागते, ते आज ऑफिसला दुसऱ्यांदा समजावावं लागलं नाही.

पहिली खेप रांजणगावला गेली. पोचपावती आली.

१७ जानेवारी २०२५

बॉयलर हाऊसच्या बाजूला बगॅस (चिपाड) वाहून नेणाऱ्या कॅरिअरचं कटिंग सुरू झाल्यापासून मला झोप नीट नाही. चिपाडाचा भुसा सगळीकडे आहे : हॉपरमध्ये, कॅरिअरच्या खाली, तुळयांच्या खोबणीत, वर्षानुवर्षं वाळलेला. कटिंगची ठिणगी दहा मीटरवरून खाली पडते तेव्हा ती नुसती ठिणगी नसते, वितळलेल्या लोखंडाचा थेंब असतो. भुसा लगेच भडकत नाही. आत धुमसत राहतो, वर काहीच दिसत नाही.

काल संध्याकाळी सहाला काम थांबलं, त्यानंतर तासभर पहारा होता, काही आढळलं नाही. रात्री साडेदहाला वॉचमनला जळक्या गुळासारखा वास आला. दुसऱ्या हॉपरच्या पत्र्याला बाहेरून हात लावला तर चटका. वरून पाणी मारलं तर वरचा थर भिजून पापडी धरते आणि आत निखारा तसाच राहतो, म्हणून खालचं दार उघडून भुसा फावड्यानं ओढून जमिनीवर पसरवला आणि तिथे विझवला. पहाटे तीनपर्यंत. कुणाला इजा नाही.

आजपासून बदल : कापण्याआधी त्या खणातला भुसा पूर्ण काढायचा, नुसता भिजवायचा नाही. कटिंग दुपारी चारला बंद. पहारा चार तास, आणि प्रत्येक तासाला पत्र्याला हाताचा पालथा पंजा लावून तपासणी. ठेकेदाराचे दोन तास रोज गेले. मालकांनी त्याची भरपाई साफसफाईच्या ऑर्डरमधून द्यायचं कबूल केलं, हे मला फार बरं वाटलं.

६ फेब्रुवारी २०२५

खलाशी, म्हणजे जड यंत्रं उचलणारी माणसं, आले. मिलचे रोलर उतरवायला क्रेन आत शिरत नाही, छताच्या कैचीला एवढं वजन पेलवणार नाही. त्यामुळे डेरिक (उभ्या खांबाची यारी), चेन ब्लॉक, लाकडी ओंडके आणि विंच.

बघत राहावं असं काम. म्होरक्या एका बाजूला उभा, हातात काही नाही. "हाफिस" म्हटलं की वर, "आरिया" म्हटलं की खाली, आणि मधे तो नुसतं बोट हलवतो. रोलर हेडस्टॉकमधून (मिलच्या चौकटीतून) सुटला तेव्हा सगळं मिल हाऊस गप्प. अर्धा वीत उचलला आणि थांबले. म्होरक्यानं प्रत्येक साखळी हातानं चाचपली, डेरिकच्या पायाखालचे ओंडके पाहिले, दहा मिनिटं लोंबता ठेवला. मी विचारलं, कशासाठी? "लोखंडाला बोलू द्यायचं, ताई. काय कुरकुरायचं ते आत्ता कुरकुरंल." त्यानंतरच बाहेर काढला.

रोलर भंगारात जाणार नाहीत. गूळ पावडरच्या कारखान्यांना असे जुने रोलर लागतात, पुन्हा खाचा पाडून ते अजून कितीतरी हंगाम चालतील. बारापैकी नऊंना गिऱ्हाईक मिळालं, भंगाराच्या भावापेक्षा चांगलं. टर्बाइनच्या गिअरबॉक्सलाही विचारणा आहे. ठेकेदाराचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. न कापता उतरवलेल्या यंत्राला जास्त मोल मिळतं, हे त्याला आता हिशेबात दिसतंय.

११ मार्च २०२५

इव्हॅपोरेटर. पितळी नळ्या ट्यूब प्लेटमधून एकेक करून ठोकून काढल्या, मोजून, गठ्ठे बांधून, वजन करून, त्याच दिवशी ट्रकमध्ये.

बॉडीचं पत्र्याचं कटिंग करायला नवा कटर आलाय. मुंबईत दारूखान्यात जहाजं तोडायचा. 'विक्रांत' तिथे मोडली तेव्हा तोही होता. १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ती युद्धनौका पुढे बरीच वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, मग लिलाव झाला आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तोडणी सुरू झाली. मला तिच्याबद्दल खूप विचारायचं होतं, पण त्याला आठवत होता तो रंग. जुन्या पोलादावर शेंदरी प्रायमर, त्यात शिसं. ज्योत लागली की धूर, आणि रात्री घरी ताप, तोंडाला गोडसर चव. "तिथं सगळ्यांनाच यायचा. आम्ही गूळ खायचो."

गुळानं शिसं उतरत नाही. आपल्या बॉडीवरही तोच शेंदरी थर आहे. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं रंग आधी खरवडून घ्यायचा, ओला करून, खाली ताडपत्री पसरून. साध्या रुमालाऐवजी कार्ट्रिजचे मास्क. पूर्ण टोळीच्या रक्तातल्या शिशाची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी करून घेतली. दारूखान्याहून आलेल्याचा आकडा जास्त निघाला. त्याला कटिंगवरून काढून काट्यावर बसवलं, हजेरी कटरचीच.

२ एप्रिल २०२५

बॉयलर. ड्रमवर कोरलेला नोंदणी क्रमांक शोधायला तासभर गंज घासला. बॉयलर कापून मोकळं होता येत नाही. बाष्पके संचालनालयाला कळवून नोंद बंद करावी लागते, नाहीतर तोच क्रमांक, तीच कागदपत्रं भलत्याच ड्रमला चिकटवून कुणी बॉयलर पेटवायचा. १९२३ च्या कायद्याच्या जागी नवा बॉयलर कायदा येतोय, संसदेत मंजूर झालाय. आपण अर्ज जुन्याच कायद्याखाली केलाय.

लॅगिंगचा अहवाल परवा आला : मुख्य स्टीम लाइनवर ॲस्बेस्टॉस. लाइन कापायची ती लॅगिंगसकट लांब तुकड्यांत, असं ठेकेदाराचं म्हणणं. नाही. आधी फवारणी, मग चिंब ओलं असताना हातानं सोलून दुहेरी पिशव्यांत, अंगात टाकाऊ सूट. उन्हात त्या सूटमध्ये माणूस अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत नाही. काम पहाटे पाच ते नऊ एवढंच. लिंबू सरबत साइटवर, सावलीसाठी गोदामाच्या उरलेल्या पत्र्यांचा मांडव.

१५ एप्रिल २०२५

चिमणी. संचालकांपैकी एकांना ती नोएडासारखी उडवायची आहे. तिथे २८ ऑगस्ट २०२२ ला सुमारे ३७०० किलो स्फोटकांनी दोन टॉवर काही सेकंदांत खाली आणले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आपल्या चिमणीपासून कॉलनीची पहिली चाळ चिमणीच्या उंचीएवढ्यासुद्धा अंतरावर नाही, आणि चाळीत अजून निवृत्त कामगारांची कुटुंबं राहतात. वरून खाली, ब्रेकरनं, राडारोडा आतल्या पोकळीतून खाली सोडत. वेळ लागेल. चालेल.

एक अडचण वर लटकलेली : आग्या मोहोळ, तीन पोळी. ब्रेकरच्या पहिल्या धक्क्याला उठतील आणि चाळीवर जातील. मध काढणाऱ्या अनुभवी माणसांना बोलावलंय. ते म्हणाले, हे या महिन्यातच आपणहून उठतील, पाणी आटलं की जातात. थांबायचं ठरलं, तोवर खालचं अस्तर काढून घेऊ.

२६ एप्रिल २०२५

दोन पोळी रिकामी. तिसरं रात्री हलवलं. ब्रेकर उद्या चढणार.

२१ मे २०२५

पाऊस. मे महिन्यात असा पाऊस आबांनाही आठवत नाही. चिमणी जमिनीपासून दोन पुरुष उरली होती, तिथेच थांबवली. स्प्रे पाँडमध्ये पाणी चढलं. सांडपाण्याच्या जुन्या खड्ड्यातला गाळ उपसायचा राहिलाय आणि त्याचा बांध जुना. सगळी माणसं आणि पोकलेन तिकडे वळवले, बांधाला मुरूम भरला, पंप लावला. ओढा खाली शंभर पावलांवर आहे, आणि त्यावर तीन विहिरी.

रात्री बारानंतर पाणी उतरू लागलं. बांध टिकला.

१२ जून २०२५

जमीन मालकांच्या ताब्यात दिली. चिमणीचा बुंधा गेल्या आठवड्यात निघाला. गाळाचे नमुने आले, घातक वर्गात बसत नाहीत, तरी ओढ्याच्या बाजूच्या दोन विहिरींचं पाणी वर्षभर तपासायचं मालकांनी लेखी दिलंय. ट्रान्सफॉर्मरचं तेल पीसीबीमुक्त निघालं, परवानाधारक कारखान्याला गेलं.

मिल आणि टर्बाइनचे पाये जमिनीखाली दीड मीटरपर्यंतच फोडलेत, त्याखालचं काँक्रीट तसंच आहे. त्यांच्या जागा, रस्त्याखालच्या जुन्या मळीच्या लाइनीचा मार्ग (ती धुऊन, सिमेंटनं भरून बंद केली) आणि केबल ट्रेंच, हे सगळं नव्या नकाशावर मोजमापासह घातलं. नकाशावर आबांनी फिरून फिरून बोट ठेवलं आणि एका ठिकाणी हात भरानं दुरुस्ती सांगितली. खणून पाहिलं, त्यांचं बरोबर. नकाशाच्या तीन प्रती : मालकांकडे, नव्या प्रकल्पाच्या सिव्हिल ठेकेदाराकडे, ग्रामपंचायतीत.

बाकी : चालू महिन्यातल्या दोन मॅनिफेस्टच्या पोचपावत्या यायच्यात. टोळीची शिशाची दुसरी तपासणी सप्टेंबरमध्ये, खर्च मालकांचा, नावं आणि फोन नंबर ऑफिसच्या फाइलमध्ये.